पोट आत ओढलं म्हणजे कोअर आवळलं, असं नाही: पिलाटीजमधून खोलवरचे स्नायू जागे करण्याची रीत

वर्गात नवीन माणूस आला की मी काही न समजावता त्याला एकच सूचना देते. "पाठीवर झोपा, गुडघे दुमडा आणि कोअर आवळून धरा." बहुतेक जण सारखंच करतात. पोट बरगड्यांखाली खेचतात, छाती वर येते, मान ताठ होते आणि श्वास थांबतो. मग मी विचारते, "आता तसंच धरून मला घरचा पत्ता सांगा." पत्ता सांगायला तोंड उघडलं की पोट सुटतं, पोट धरलं की पत्ता अडतो.

कोअर म्हणजे धडातले खोलवरचे स्नायू. ज्या स्नायूंनी दिवसभर, बोलताना, जिना चढताना, पोळ्या लाटताना कणा सांभाळायचा, ते श्वास कोंडल्याशिवाय चालतच नसतील तर व्यायामाच्या पाऊण तासाचा उरलेल्या दिवसाला उपयोग नाही. हे सांगून पटत नाही, स्वतःच्या अंगावर कळावं लागतं. मला पिलाटीज ही व्यायामपद्धत शिकवायला लागून अकरा वर्षं झाली आणि त्याआधी माझी स्वतःची कंबर दोनदा धरली होती. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: कोअरच्या बाबतीत ताकदीच्या आधी येते ती वेळ आणि मात्रा. कधी आवळायचं आणि किती आवळायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच दोन गोष्टी शिकण्यासाठी आहेत.

पोटाच्या आत काय आहे

धड म्हणजे एक डबा समजा. झाकण म्हणजे श्वासपटल, फुफ्फुसांखालचा स्नायूंचा पडदा. तळ म्हणजे पेल्व्हिक फ्लोअर, लघवी रोखताना आपण जे स्नायू वर उचलतो ते. भोवतालची भिंत म्हणजे ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस हा पोटाचा सगळ्यात आतला स्नायू. मागच्या बाजूला मणक्यामणक्याला धरून असलेले मल्टिफिडस नावाचे आखूड स्नायू. या चौघांचा मेळ बसला की पोटातला दाब सगळीकडे सारखा राहतो आणि कण्याला आतून आधार मिळतो.

आरशात दिसतो तो 'सिक्स पॅक'चा रेक्टस याच्या बाहेर असतो. त्याचे धागे वरून खाली जातात आणि त्याचं काम धड पुढे वाकवणं. ट्रान्सव्हर्ससचे धागे आडवे. आपल्याकडे बाळंतिणीच्या पोटाला जुनं लुगडं गुंडाळून बांधतात ना, ते जसं कंबरेभोवती फिरतं, साधारण तीच या स्नायूची दिशा. तो आवळला की पोटाचा घेर किंचित कमी होतो, पण धड कुठेच वाकत नाही. म्हणूनच शंभर सिट-अप्स मारणाऱ्या माणसाचाही हा स्नायू सुस्त असू शकतो.

जोसेफ पिलाटीज यांनी व्यायाम बसवले तेव्हा ही नावं चर्चेत नव्हती. १८८३ मध्ये जर्मनीत जन्मलेला हा माणूस लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी हैराण होता. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जर्मन नागरिक म्हणून त्यांना छावणीत अडकून पडावं लागलं, तिथे त्यांनी आपली पद्धत घासूनपुसून घेतली. पुढे १९२६ च्या सुमारास न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी सहचारिणी क्लारा यांच्यासह स्टुडिओ थाटला आणि शहरातले नर्तक त्यांच्याकडे येऊ लागले. १९४५ च्या त्यांच्या पुस्तकात सतरंजीवरचे ३४ व्यायाम आहेत आणि पद्धतीला त्यांनी दिलेलं नाव होतं 'कंट्रोलॉजी'. ताबा. नाव त्यांनी अगदी नेमकं निवडलं होतं.

त्या नावाचा अर्थ प्रयोगशाळेत उलगडला तो १९९० च्या दशकात. ऑस्ट्रेलियात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी लोकांना उभं करून झटकन हात उचलायला सांगितलं आणि पोटाच्या स्नायूंतले विद्युत संकेत टिपले. निरोगी माणसात हात हलण्याच्या क्षणभर आधीच ट्रान्सव्हर्सस चालू होत होता. आधी पाया, मग हालचाल. कंबरदुखी असलेल्यांत तोच स्नायू उशिरा जागा होत होता. हा अभ्यास १९९६ चा. याच सुमारास जुली हाइड्स आणि सहकाऱ्यांना दिसलं की पहिल्यांदा कंबर धरल्यानंतर दुखणं थांबलं तरी मल्टिफिडस आपोआप पूर्ववत होत नाही. दुखणं गेलं म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

पायरी पहिली: जागा आणि कंबरेखालचा नॅपकिन

पलंगावर नको, गादी दबते आणि काही कळत नाही. जमिनीवर सतरंजी, त्यावर दुहेरी घडीची चादर. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, पावलं खुब्यांएवढ्या अंतरावर.

आता हात त्रिकोणात ठेवा: तळव्यांचा मनगटाकडचा भाग कंबरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांवर, बोटांची टोकं खाली ओटीपोटाच्या शेवटच्या हाडावर. ही तिन्ही टोकं एका पातळीत हवीत, जणू त्या त्रिकोणावर आमटीची वाटी ठेवली तर सांडणार नाही. जोसेफ स्वतः पाठ जमिनीला पूर्ण टेकवून घेत. आता बरेच शिक्षक कंबरेखालची नैसर्गिक पोकळी ठेवून शिकवतात आणि मीही तेच करते, कारण उभं असताना आपली कंबर सपाट नसते.

त्या पोकळीत हात पुसायचा छोटा नॅपकिन चौघडी करून सरकवा. फिजिओथेरपिस्टकडे यासाठी हवेची पिशवी असते, ती ४० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबापर्यंत फुगवून कंबरेखाली ठेवतात आणि पाय हलवताना काटा किती सरकतो ते बघतात. घरी नॅपकिन तेच काम करतो, फक्त काट्याच्या जागी तुमची कातडी. व्यायाम चालू असताना नॅपकिन एकदम चिरडला गेला किंवा एकदम सैल पडला, तर कंबर हलली असं समजायचं.

पायरी दुसरी: श्वास

ओढणी किंवा पंचा बरगड्यांच्या खालच्या भागाभोवती गुंडाळा, टोकं पुढे फुली करून धरा. नाकाने श्वास घ्या आणि तो कापडाला बाजूंनी आणि मागून ताण देईल असा पाठवा. खांदे वर जाता कामा नयेत. मग ओठ थोडे गोल करून, बशीतला गरम चहा फुंकतो तसा श्वास सोडा. सावकाश, पाच-सहा आकडे मोजत.

श्वास सोडण्याच्या शेवटच्या तिसऱ्या भागात खालचं पोट आपसूक थोडं आवळतं. तुम्ही काही केलेलं नसतं, ते शरीराचं आपलं काम असतं. पिलाटीजमध्ये अवघड हालचाल बहुतेक वेळा उच्छ्वासावर येते त्याचं कारण हेच. दोन-तीन दिवस फक्त एवढंच करा. घाई असलेल्यांना ही पायरी फुकटची वाटते, पण हिच्यावाचून पुढचं सगळं कच्चं राहतं.

पायरी तिसरी: बोटांखाली स्नायू शोधणं

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

कंबरेच्या टोकदार हाडापासून दोन बोटं आत आणि किंचित खाली या. तिथे तर्जनी आणि मधलं बोट थोडं रुतवा, कच्ची कैरी पिकली का बघताना दाबतो तेवढंच. आधी खोकून पाहा. बोटं बाहेर ढकलली जातील. ते ढकलणारे बाहेरचे तिरपे स्नायू, हे आपल्याला नको आहेत. आता श्वास घ्या, चहा फुंकल्यासारखा सोडा आणि सोडता सोडता लघवी थांबवल्यासारखं तळातून अगदी हलकं वर उचला, सोबत बेंबीखालचा भाग अर्धा सेंटिमीटर आत जाऊ द्या. बोटांखाली सैल कापड हळूहळू ताणलं जावं तसं लागलं पाहिजे. तो ताण सावकाश येतो, झटक्याने कधीच येत नाही. बोटं उडाली तर जास्त झालं.

मात्रा किती? पूर्ण ताकद दहा धरली तर तीन. आता तेवढंच धरून मोठ्याने पाढा म्हणा. बे एके बे, बे दुणे चार. बे दाहे वीसपर्यंत आवाज नेहमीचा राहिला आणि बोटांखालचा ताणही टिकला, की जमलं. दहा वेळा, प्रत्येक वेळी एक पाढा. लघवी थांबवण्याची उपमा फक्त समजण्यासाठी आहे, शौचालयात बसून खरोखर धार थांबवण्याचा सराव करू नका.

योगासनं करणारे इथे हटकून विचारतात, "म्हणजे उड्डियानच ना?" नाही. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून, बाहेरच रोखून, छाती फुलवतात आणि सैल पोट आत खेचलं जातं. लोणावळ्याच्या कैवल्यधाम योगसंस्थेचे स्वामी कुवलयानंद यांनी १९२० च्या दशकात उड्डियान आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया) यांवर क्ष-किरण आणि दाबमापनाचे प्रयोग केले होते, नौलीत आतला दाब हवेच्या दाबापेक्षा खाली जातो हे त्यांनी दाखवलं. आपण इथे करतोय त्यात श्वास चालू असतो, स्नायू काम करतात आणि पोटातला दाब किंचित वाढतो. दोन्ही क्रिया आपापल्या जागी चांगल्या, पण वजन उचलताना उड्डियानासारखं पोट खेचलं तर कण्याला आधार मिळत नाही.

पायरी चौथी: पाय हलवून परीक्षा

स्नायू शोधला, आता त्याच्यावर थोडं ओझं टाकायचं. श्वास घ्या, सोडायला सुरुवात करा, तळ उचला, बोटांखाली ताण आला की मगच उजवी टाच सतरंजीवरून सरकवत पाय लांब करा. श्वास घेत परत आणा. क्रम विसरू नका: आधी आवळणं, मग पाय. हॉजेस यांच्या प्रयोगातला तो क्षणभराचा फरक आपण इथे मुद्दाम, सावकाश गिरवतो आहोत. प्रत्येक पायाने आठ वेळा.

आठवडाभराने टाच सरकवण्याऐवजी पाय गुडघ्यात दुमडलेलाच ठेवून उचला, नडगी जमिनीला समांतर, आणि पुन्हा खाली ठेवा. त्यानंतर दोन्ही पाय वर आणि एकेका पायाचा चवडा जमिनीला टेकवून परत.

माझ्या वर्गात निवृत्त शिक्षिका होत्या, साठीच्या आसपास. नेमाने येणाऱ्या, कष्टाळू. दोन्ही पाय वर घेतले की त्यांच्या पोटाच्या मध्यावर बेंबीच्या वर-खाली करंजीच्या कडेसारखी उभी धार उठायची. त्यांना वाटायचं स्नायू वर आला. खरं तर आतली भिंत दाब पेलत नव्हती आणि मधल्या जोडातून तो बाहेर येत होता. मी त्यांना पुन्हा टाच सरकवण्यावर आणलं. त्या थोड्या हिरमुसल्या. "म्हणजे मी नापास?" मी म्हटलं, "बाई, पाया भरतोय." पाच आठवडे आम्ही तेवढंच केलं. एक दिवस त्यांनी पाय उचलला, स्वतःचा हात पोटावर ठेवला आणि पोट सपाट असल्याचं मी न सांगता स्वतःच ओळखलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला आजही आठवतो.

ती धार हीच तुमची मर्यादा. ती दिसली, श्वास अडला किंवा नॅपकिन हलला, यातलं काहीही झालं की एक पायरी मागे या. बाळंतपणानंतर ही धार बऱ्याच जणींना दिसते. अशा वेळी सिट-अप्स आणि रोल-अप (झोपून पाठ गोल करत उठणं) लांब ठेवा.

पायरी पाचवी: पाठीची बाजू

पोटाच्या नादात मल्टिफिडस विसरला जातो. दोन व्यायाम पुरेत.

पहिला, पेल्व्हिक कर्ल. श्वास सोडत माकडहाडापासून एकेक मणका सतरंजीवरून सोलून काढल्यासारखा वर उचला, खांद्यांपाशी थांबा, श्वास घ्या आणि सोडत पुन्हा एकेक मणका खाली टेकवा. उतरताना कुठेतरी पाच-सहा मणके एकदम धप्पकन येतील. तिथेच तुमची पाठ आखडलेली आहे, त्या जागी वेग कमी करा. मांडीच्या मागे गोळा आला तर टाचा थोड्या जवळ घ्या.

दुसरा, चौरंगासारखं हातापायांवर येऊन एक पाय मागे आणि विरुद्ध बाजूचा हात पुढे लांब करणं. कंबरेवर तोच नॅपकिन घडी करून ठेवा, तो पडता कामा नये. पाय उंच नेऊ नका, लांब करा. हे पक्कं झालं की पालथं झोपून हातपाय आळीपाळीने हलवायचा 'स्विमिंग' हा जोसेफ यांचा मूळ व्यायाम करता येतो.

पायरी सहावी: हंड्रेड

पिलाटीज म्हटलं की लोक इथूनच सुरुवात करतात आणि मान धरून बसतात. पाठीवर झोपून, डोकं आणि खांदे उचलून, सरळ हात शरीराच्या बाजूला टिचभर वर-खाली हलवायचे. पाच हलवण्यांत श्वास आत, पाच हलवण्यांत बाहेर. असे दहा श्वास, म्हणून शंभर.

सुरुवात डोकं खाली ठेवून, पाय जमिनीवर ठेवून करा. पाच श्वास पुरेत. मग पाय दुमडून वर, डोकं खालीच. डोकं सगळ्यात शेवटी. मान दुखली तर कारण बहुधा पोटात असतं: आतून आधार सुटला की मानेचे स्नायू मदतीला धावतात. २००८ च्या एका सोनोग्राफी अभ्यासात सरावलेल्या लोकांमध्ये असे व्यायाम नीट केले तेव्हा ट्रान्सव्हर्ससची जाडी आरामाच्या वेळेपेक्षा वाढलेली दिसली होती. 'नीट केले तेव्हा' हे शब्द माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे.

किती दिवस, किती फरक

पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं, फक्त पहिल्या तीन पायऱ्या. तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास, चौथी आणि पाचवी पायरी धरून. हंड्रेड सहाव्या-सातव्या आठवड्याच्या आधी नको. स्नायू सापडण्याची जाणीव काही दिवसांत येते, आकार वाढायला महिने लागतात. २०१२ च्या एका एमआरआय अभ्यासात नऊ बैठ्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, ३६ आठवडे पिलाटीज केलं तेव्हा त्यांच्या रेक्टसचं आकारमान सुमारे २१ टक्क्यांनी वाढलं. नऊच जणी होत्या, त्यामुळे हा आकडा स्वतःला लावून घेऊ नका.

कंबरदुखीसाठी येणाऱ्यांना मी खरं तेच सांगते. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात दहा चाचण्या आणि ५१० रुग्णांची माहिती एकत्र केली होती. काहीच विशेष न करण्यापेक्षा पिलाटीजने दुखणं आणि अडचण कमी होते असं दिसलं, पण इतर व्यायामांपेक्षा ते वरचढ आहे याचा ठोस पुरावा मिळाला नाही. तुम्ही चालता, पोहता, सूर्यनमस्कार घालता आणि बरं वाटतं, तर ते सोडून इकडे यायची गरज नाही. इथलं आवळण्याचं तंत्र मात्र तिथेही वापरता येतं.

पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, पायातली शक्ती कमी वाटत असेल तर आधी डॉक्टर. मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं याला तर एक दिवसही थांबू नका. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून पुढे वाकण्याचे प्रकार, म्हणजे रोल-अप आणि डोकं उचललेला हंड्रेड, वर्ज्य. गरोदरपणात आणि सिझेरियननंतर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, आणि शिकवणाऱ्याला सांगून. खोकताना-शिंकताना लघवी होत असेल तर लाजू नका, पेल्व्हिक फ्लोअर तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात. नुसतं जोरात आवळून कधीकधी त्रास वाढतो, कारण काहींचे हे स्नायू आधीच आखडलेले असतात आणि त्यांना सोडायला शिकणं जास्त गरजेचं असतं.

सतरंजीवरून उठल्यावर

तीन दशांश मात्रा ही शिकण्यासाठी आणि दिवसभराच्या हलक्या कामांसाठी. जड वजनाला ती पुरत नाही. कॅनडातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल पोट आत घेण्याऐवजी सगळ्या बाजूंनी घट्ट करायला सांगतात, कुणी पोटात बोट खुपसणार म्हटल्यावर आपण जसं होतो तसं. मला त्यांचं म्हणणं वजनाच्या बाबतीत पटतं. भरलेला गॅस सिलिंडर साधारण तीस किलोंचा असतो, १४.२ किलो गॅस आणि उरलेलं लोखंड. तो सरकवताना आतला आणि बाहेरचा, सगळाच पट्टा हवा.

म्हणून सुरुवात बादलीने करा. अर्धी बादली पाणी घ्या, तिच्या अगदी जवळ उभे राहा, खुब्यातून वाका, गुडघे सैल. हात कडीला लावा पण उचलू नका. श्वास घ्या. फुंकर सुरू करा, तळ उचला, पोटाचा घेर सगळीकडून घट्ट होऊ द्या आणि त्या फुंकरीवरच बादली वर घ्या. दोन पावलं चाला, बोलत बोलत. खाली ठेवतानाही हाच क्रम, कारण कंबर बऱ्याचदा ठेवतानाच लचकते, वजन गेलं असं मनाने धरलेलं असतं आणि हातात ते अजून असतं. आठवडाभर अर्धी बादली, मग पाऊण, मग पूर्ण.